चौसष्ट टक्क्यांवर

१

तुम्ही जेवायला बसलात आणि समोर कुणी बसलेलं दिसलं, तर वर न बघताच तुम्ही 'या जेवायला' म्हणता का?

आमच्या शिरूरकडं सगळेच म्हणतात. पोस्टमन असो, शेजारीण असो, नाहीतर मीटरचा फोटो काढायला आलेला माणूस असो. तोही 'होऊ द्या, होऊ द्या' म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. हातात घास, ताटात नजर, आणि शब्द आपोआप बाहेर. मीही लहानपणापासून तसंच म्हणत आले.

आता मी आधी वर बघते. तुम्हीही बघत जा.

आमचं घर लहान आहे. पुढं हॉल, मध्ये स्वयंपाकघर, मागं दोन हात रुंदीचा बोळ आणि बोळापलीकडं एक खोली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारासमोरच त्या खोलीची खिडकी येते. खोली आम्ही कंपनीत काम करणाऱ्या मुलांना भाड्यानं द्यायचो. बाहेरगावची मुलं, स्वभावानं गरीब. पण चार-पाच महिन्यांच्या वर कुणी राहिलं नाही. शेवटचा मुलगा बिहारकडचा होता. जाताना मी विचारलं, काही त्रास झाला का रे? तो म्हणाला, "नहीं चाची. कमरा अच्छा है. अकेलापन नहीं लगता."

मला बरं वाटलं. परमुलखातल्या मुलाला आपल्या घरी एकटं वाटलं नाही, याचा मी आनंदच मानला.

२

त्यानंतर ती खोली आम्ही प्राचीला दिली. प्राची माझी मुलगी. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, नोकरीच्या परीक्षा देत होती. तिचे पप्पा सणसवाडीला कंपनीत आहेत, तेही आता थकलेत. त्यामुळं तिच्या नोकरीकडं आम्हा सगळ्यांचेच डोळे लागले होते.

गेल्या महिन्यात तिची एका कंपनीची परीक्षा होती, घरी बसून द्यायची. कॅमेरा चालू ठेवायचा, दार लावायचं आणि खोलीत दुसरं कुणीही असता कामा नये, असा कडक नियम. खोलीच्या चारही भिंतींचे फोटो आधी पाठवायचे आणि त्याच खोलीतून पेपर द्यायचा. प्राचीनं मैत्रिणीचा, वैष्णवीचा लॅपटॉप आणला. चाळीस मिनिटं पेपर नीट चालला. मग एकदम बंद पडला. लॅपटॉपवर अक्षरं आली : खोलीत दुसरी व्यक्ती आढळली.

प्राची रडत बाहेर आली तेव्हा मी बोळात चहाचा कप घेऊन उभी होते.

"आई, तुला किती वेळा सांगितलं होतं!"

मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता, दारही ढकललं नव्हतं. पण घरात आम्ही दोघीच होतो. दुसरं कोण असणार? कदाचित मी खिडकीत दिसले असेन, असं म्हणून मी चूक पदरात घेतली. तिची माफी मागितली. आठ दिवस तिनं माझ्या हातचा चहा घेतला नाही.

खूप अर्ज केल्यावर कंपनीनं आणखी एक संधी दिली. शेवटची. सोमवारी सकाळी दहाला, त्याच खोलीतून.

३

या वेळी उसना लॅपटॉप नको म्हणून माझ्या धाकट्या भावानं, महेंद्रनं, तिला कॉम्प्युटर जोडून दिला होता. महेंद्रचं दौंडला स्टेशनसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, कॉम्प्युटरही दुरुस्त करतो. त्यानं एक गोल फिरणारी खुर्चीसुद्धा दिली, जुनीच. तिच्यावर बसलं की ती 'फुस्स' करून दोन बोटं खाली जायची आणि उठलं की 'टक्' करून वर यायची. प्राची हसायची. म्हणायची, माझी खुर्ची सुस्कारे टाकते.

शनिवारी कळलं की परीक्षेचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवर चालत नाही, नवी टाकावी लागणार. महेंद्रनं पेन ड्राइव्ह पाठवला होताच. फोनवर तो सांगत गेला आणि प्राची बटणं दाबत गेली. निळ्या पडद्यावर आकडे चढू लागले. दहा टक्के, वीस टक्के. सदतीसला थांबले.

अर्धा तास झाला, तरी सदतीसच.

"मामा, हे अडकलंय."

"अडकू दी. हात लावू नको. जेवून ये जा."

ती जेवून आली तर एक्केचाळीस. पुन्हा समोर बसली, पुन्हा थांबलं. केस धुवायला गेली, परत आली तर बावन्न. मग आम्ही दोघींनी गंमत म्हणून करून बघितलं. खोलीत गेलं की आकडा थांबायचा. बाहेर येऊन बोळातून खिडकीतनं बघितलं की सरकायचा. दूध तापत ठेवल्यावर बघत बसलं तर वर येत नाही आणि पाठ वळली की उतू जातं, तसंच.

महेंद्र फोनवर हसला. "ताई, मशीन हाय का नवी नवरी? कुणी बघितलं की लाजतंय!"

आम्ही खोलीचं दार ओढून घेतलं आणि हॉलमध्ये येऊन बसलो. पाचच्या सुमाराला मी बोळातून डोकावले. चौसष्ट टक्के. सातला बघितलं, चौसष्ट. झोपायच्या आधी बघितलं, तेव्हाही तेच.

रविवारी सकाळी उठून बघितलं. चौसष्ट.

प्राचीही हॉलमध्येच झोपली होती. त्या खोलीत रात्रभर कुणी गेलं नव्हतं.

४

महेंद्र रविवारी अकराला मोटारसायकलवर आला. प्राचीचे पप्पा कंपनीत गेले होते, त्यांची सुट्टी सोमवारी असते.

"जय भीम ताई. कुठाय तुझी नवरी?"

त्यानं सगळं उघडलं. आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. जोडलेली जास्तीची हार्ड डिस्क काढली. पेन ड्राइव्ह नवा घेतला, मागच्या भोकात लावला. नेटची वायर उपटली. लाइट कमीजास्त होतेय का तेही बघितलं. ते काम मला दिसायला छान वाटत होतं. बिघाड हातानं शोधता येतो, पुसता येतो, असं वाटलं की माणसाला धीर येतो. आम्ही धम्म मानणारी माणसं. उतारा, अंगारा, लिंबू असलं काही आमच्या घरात चालत नाही. वडील म्हणायचे, कळत नसेल तर कळत नाही म्हणावं, भूत म्हणू नये.

पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. आम्ही तिघंही बाहेर आलो. महेंद्रनं दाराला बाहेरून कडी घातली.

मी बोळात खिडकीशी उभी राहिले. आकडे भराभर चढत होते. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. प्राची हळूच टाळी वाजवायला लागली.

आणि मी 'फुस्स' असा आवाज ऐकला.

खुर्ची पडद्याकडं तोंड करून होती. ती दोन बोटं खाली गेली आणि थोडी डावीकडं वळली, टेबलाशी नीट बसायला माणूस वळवतो तशी.

चौसष्ट.

"काय झालं?" महेंद्रनं विचारलं.

"काही नाही. खुर्ची हलली."

"जुनी हाय ती. गॅस गेलाय तिचा." तो म्हणाला. मलाही ते पटलं. गॅस जात असणार. पण गेला तो नेमका आत्ताच का गेला, हे मी माझं मलाच विचारत राहिले.

५

तासभर गेला. आकडा जागचा हलेना. महेंद्रचा चेहरा उतरला.

"हॉलमध्ये नेऊन टाकू का?"

"आणि उद्या परीक्षा कुठं देऊ?" प्राची म्हणाली. "त्याच खोलीतून द्यायची आहे ना. भिंतींचे फोटो गेलेत."

"बरं, बरं. मला नीट सांगा. खोलीत माणूस असलं की हे थांबतंय. असंच ना?"

"हो."

"मग आता कोण हाय खोलीत?" तो हसत बोटं मोजायला लागला. "मी हितं. तू हितं. तुझी आई खिडकीत. झाली की तिघं. मग आत..."

त्याचं तिसरं बोट तसंच हवेत राहिलं.

बोळात ऊन होतं. शेजारच्या रतनबाईंच्या भिंतीवर मांजर झोपलं होतं. मला एकच गोष्ट आठवत होती आणि ती मला बोलायची नव्हती, तरी मी बोलले.

"प्राची, त्या दिवशी मी आत आले नव्हते."

"कधी?"

"पेपरच्या दिवशी. मी उंबऱ्यात पण नव्हते गं. बोळात होते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खिडकीकडं. मग तिनं मान खाली घातली.

"ताई, गप," महेंद्र हळू आवाजात म्हणाला. "पोरीला भिववू नको."

तेवढ्यात रतनबाई भिंतीवरून डोकावल्या. आम्ही एकदम दचकलो, तर त्या हसायला लागल्या. "काय गं करुणा, भाऊ सकाळपास्नं आलाय, त्याला उपाशी ठिवलाय व्हय? तीन वाजले की!"

"त्या कॉम्प्युटरच्या डब्यापायी राहिलं मावशी. चालत नाहीये."

"मग दृष्ट काढ की त्येची."

"आमच्यात न्हाई चालत ते."

"मग जेवू घाल," त्या म्हणाल्या. "भुकेलं मानूस आन् भुकेलं जनावर, दोनी आडून बसत्यात." त्या महेंद्रबद्दल बोलत होत्या.

६

स्वयंपाकघरात ताटं घेतली. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, ठेचा. प्राची माझ्या उजवीकडं, महेंद्र डावीकडं, मी मधे, मागच्या दाराकडं तोंड करून. दार उघडंच होतं. बोळापलीकडं खिडकी, खिडकीत पडद्याचा निळा उजेड.

मला भूक लागली होती. भाकरी मोडली, घास हातात घेतला. समोर खिडकीत कुणीतरी बसलेलं आहे हे मला डोळ्यांच्या कडेनं दिसलं. खांदा आणि डोकं, एवढंच. आणि समोर माणूस बसलेला असताना आपण एकटं कसं खायचं?

"या जेवायला," मी म्हटलं.

महेंद्रचा हात थांबला. प्राचीचाही. दोघं माझ्या दोन बाजूंना होते.

"कुणाला म्हणलीस?" महेंद्रनं विचारलं.

खोलीतून 'टक्' असा आवाज आला.

मग बोळातली सैल फरशी वाजली. आमच्या मागच्या दाराशी एक फरशी हलते, पाय पडला की डुब् करते. रोज शंभर वेळा ऐकते मी तो आवाज. बाहेरून आत येताना वेगळा येतो, आतून बाहेर जाताना वेगळा.

हा आत येतानाचा होता.

खोलीतल्या कॉम्प्युटरचा पंखा घुमायला लागला. प्राची ताटावरून उठली आणि धावली. कडी काढल्याचा आवाज आला, मग तिची ओरड, "मामा! अडुसष्ट! सत्तर! मी इथं उभी आहे तरी चाललंय!"

महेंद्रही खरकट्या हातानं पळाला. तो हसत होता. "बघ, मेमरीच होती! घासल्यावर गरम व्हायला टाइम लागला!"

स्वयंपाकघरात मी राहिले. मी ताटातून नजर काढली नाही. शेपूच्या भाजीकडं बघत राहिले. माझ्या समोर, दार आणि माझं ताट यांच्यामध्ये, बसायला जागा होती. तिथं ऊन पडत होतं आणि मघापेक्षा कमी पडत होतं.

बोलावल्यावर ताट तर वाढावंच लागतं. मी हात लांब करून फळीवरचं चौथं ताट घेतलं, दोन भाकऱ्या, भाजी, ठेचा वाढला आणि वर न बघता पुढं सरकवलं.

"शंभर!" प्राची तिकडून ओरडली.

७

महेंद्र पाचला दौंडला निघाला. जाताना खुश होता. खोडरबराच्या करामतीची गोष्ट त्याला दुकानात सांगायची होती. मी चौथं ताट घासून ठेवलं. त्यात घासण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. मांजर आलं असेल. दार उघडंच होतं. मी स्वतःला तसंच सांगितलं आणि जवळजवळ पटवलंही.

दिवेलागणीआधी प्राची म्हणाली, "आई, कॅमेऱ्याची तपासणी करून घेते. तू बोळातच थांब, आत नको येऊस."

मी खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिले, म्हणजे कशातच दिसणार नाही. प्राची खोलीत गेली. दार लावलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली असणार.

'फुस्स' झालं नाही.

मी वाट बघितली. माणूस बसलं की ती खुर्ची खाली जाते. आधीच खाली गेलेली असली तरच आवाज येत नाही.

"आई," प्राचीचा आवाज आला. "तू खिडकीत आहेस का?"

"नाही गं. भिंतीशी आहे."

"मग हे दोन का दाखवतंय?" आवाज बारीक झाला होता. "एक व्यक्ती असावी, दोन आढळल्या, असं लिहितंय. आई, मी मागं बघू का?"

"नको," मी म्हटलं. "उठ आणि बाहेर ये. बंद नको करूस, तशीच ये."

ती आली. मला म्हणाली, "आता उद्या?" तेवढंच. दोन वर्षांचा अभ्यास, एक गेलेली संधी, आणि ही शेवटची. तिच्या तोंडाकडं बघवेना.

"उद्या नीट होईल," मी म्हटलं. "सॉफ्टवेअर नवीन आहे, चुकत असेल. तू फक्त अभ्यास कर."

मी पिठाचा डबा उघडून बघितला. बाजरीचं पीठ होतं पुरेसं. ते कोण आहे, कधीपासून आहे, त्या मुलांच्या वेळी होतं का, हे मला कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. पण एवढं दिसलं होतं की त्याला हाक मारली की ते उठून येतं. आणि जेवण झालं की परत जागेवर जातं. पाहुणा जातो तसं.

पेपर दीड तासाचा, म्हणजे दीड तास जेवण पुरवायचं होतं. आणि आग्रह करणं मला येतं. त्याला काही शिकावं लागत नाही.

८

सोमवारी सकाळी तिच्या पप्पांना मी लवकर उठवून मार्केटला पाठवलं. मी नऊ भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. मागचं दार उघडलं. दहाला पाच कमी असताना समोरासमोर दोन ताटं मांडली आणि खाली मान घालून 'या जेवायला' म्हटलं. टक् झालं, फरशी वाजली, आणि मगच मी प्राचीला आत जायला सांगितलं.

दहा ते साडेअकरा प्राचीनं पेपर दिला. पेपर एकदाही बंद पडला नाही. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात वाढत होते, 'अजून अर्धी घ्या, लाजू नका' म्हणत होते, आणि एकदाही वर बघितलं नाही. मी दीड भाकरी खाल्ली. साडेअकराला प्राची बाहेर आली तेव्हा दुरडीत एकही भाकरी नव्हती.